लाकडाला रेडिओ लहरींचं वावडं नाही

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या हॅम मंडळींच्या (हौसेने रेडिओ स्टेशन चालवणाऱ्यांच्या) आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या मोबाइलवर एक फॉरवर्ड फिरू लागतो: 'हाय पॉवर ट्रान्समीटरमध्ये लाकूड म्हणजे घरात रचलेली चिता.' खाली पाच दावे. लाकूड वीज वाहून नेतं. मायक्रोवेव्हमध्ये ठेवून बघा, तापतं. कुठल्याही खऱ्या रेडिओ स्टेशनने ते वापरलेलं नाही. लोखंडी फ्रेम करून अर्थिंग दिलं की प्रश्न मिटला. आणि कोल्हापूरच्या पावसात तर लाकडाचा विषयच संपला. एका दाव्यात दम आहे, बाकीचे चार नुसत्या ठसक्यावर उभे आहेत.

सुरुवात तिसऱ्यापासून, कारण तो धडधडीत खोटा आहे. पोलंडमधल्या ग्लिवित्से गावात 1935 सालचा रेडिओ टॉवर आजही उभा आहे. उंची 111 मीटर, लाकूड लार्चचं, जोड पितळी बोल्टांचे. अँटेनाची तार टॉवरच्या पोटातून उभी सोडलेली असायची. तिच्याभोवती लोखंडी सांगाडा असता तर त्यानेच लहरी बिघडवल्या असत्या. जर्मनीत म्यूलाकरला 190 मीटरचा लाकडी टॉवर होता, तो 1945 मध्ये युद्धात उडवला गेला. अमेरिकेत अल्बुकर्कीजवळ बी-52 सारखी विमानं उभी करून त्यांच्यावर विद्युतचुंबकीय झटक्यांची चाचणी घ्यायला 1970 च्या दशकात एक अवाढव्य मचाण बांधलं. झटका देणारे दोन जनरेटर, प्रत्येकी 50 लाख व्होल्टचे, आणि मचाण लाकडाचं. धातू टाळायचा म्हणून नट-बोल्टसुद्धा लाकडी.

माझं आवडतं उदाहरण मात्र इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या रेडिओ स्टेशनचं. 16 किलोहर्ट्झवर शेकडो किलोवॅट सोडणारं हे स्टेशन 1926 मध्ये सुरू झालं. अँटेना जुळवायच्या कॉइलची केबल 6,561 बारीक तारा वळून केलेली, आणि ती पेलणारा सांगाडा लाकडी. 1943 मध्ये स्टेशनात आग लागली, हेही सांगितलं पाहिजे. फॉरवर्डवाल्याला ठाऊक असतं तर त्याने ते पहिल्या ओळीत घातलं असतं. पण त्याच वर्षाची कॉइल आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, आणि तिचा सांगाडाही लाकडीच आहे.

आता मायक्रोवेव्ह. तो चालतो 2450 मेगाहर्ट्झवर. आपल्या 7 मेगाहर्ट्झच्या बँडच्या 350 पट. शिवाय तिथे मुख्यतः तापतं ते लाकडातलं पाणी. लाकूड किती तापणार हे तीन गोष्टी ठरवतात: फ्रिक्वेन्सी, लाकडातला ओलावा आणि त्या जागचं विद्युतक्षेत्र, म्हणजे दर सेंटिमीटरला किती व्होल्ट. उष्णता यातल्या शेवटच्याच्या वर्गाने वाढते, आणि सगळी गोम तिथेच आहे. साधारण कोरड्या लाकडाचे आकडे धरून 7 मेगाहर्ट्झला हिशेब करू. 1000 व्होल्ट 1 सेंटिमीटरच्या लाकडावर पडले तर घनसेंटिमीटरमागे अर्ध्या वॅटहून जास्त उष्णता होते. तुकडा तापेल, काळवंडेल, आणि कोळशाची रेघ एकदा उमटली की तीच वीज वाहू लागेल. म्हणजे चितेची भीती अगदीच हवेत नाही. पण तेच 1000 व्होल्ट 10 सेंटिमीटरवर पसरले तर उष्णता शंभरावा हिस्सा. 600 ओहमच्या उघड्या फीडरवर, म्हणजे ट्रान्समीटरपासून अँटेनाकडे जाणाऱ्या दोन तारांवर, 400 वॅट सोडले आणि लोड (अँटेना) जुळलेला असला, तर दोन तारांत 490 व्होल्ट असतात. तारा वेगळ्या ठेवायला मध्ये 15 सेंटिमीटरची लाकडी काडी. तिला कसला ताप येणार? एसडब्ल्यूआर (लोड किती जुळलेला नाही याचं माप) वाढला की व्होल्टेज चढतं, तेवढं ध्यानात ठेवायचं. कॉइलचं जास्त व्होल्टेजचं टोक आणि व्हेरिएबल कपॅसिटरचे आधार इथे मात्र सिरॅमिक किंवा टेफ्लॉनच हवं. तिथे लाकूड घालणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

लोखंडी फ्रेमचा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटतो. उद्यमनगरात अँगल कापून, वेल्डिंग मारून सुंदर चौकट मिळते, पण कॉइलभोवतीची बंद चौकट म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा शॉर्ट झालेला वेढा. तिच्यात प्रवाह फिरतो, पॉवर तिथेच जळते, कॉइलचं ट्यूनिंगही सरकतं. अर्थिंगने हा प्रवाह थांबत नाही. माणसाचा हात हाय व्होल्टेजला लागू नये म्हणून बाहेरचं धातूचं, अर्थ केलेलं कपाट हवंच. ते काम लाकडाचं नव्हे. पण कपाटाची भिंत आणि कॉइल यांत निदान कॉइलच्या व्यासाएवढं अंतर सोडा, आणि मधला आधार खुशाल लाकडाचा करा.

राहिला पाऊस, आणि त्यासोबत 'वीज वाहून नेतं' हा पहिला दावाही. दम आहे तो या पावसाच्या दाव्यात. हवेत 65 टक्के आर्द्रता असेल तर लाकूड सुमारे 12 टक्के ओलावा धरतं, 90 टक्क्यांना सुमारे 20. एवढ्या फरकाने डग्लस फरसारख्या लाकडाचा रोध पन्नासेक पटीने घसरतो. सुतारांचं ओलावा मोजायचं मीटर चालतं ते याच गुणावर. जुलैत गगनबावड्याकडून ढग उतरले की आपल्याकडचं लाकूड कुठल्या टोकाला जातं हे वेगळं सांगायला नको. म्हणून टिंबर मार्केटमधून आणलेली पट्टी तशीच फीडरला लावायची नाही. आधी ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवा. मग 110-120 अंशांच्या पॅराफिन मेणात बुडवा आणि बुडबुडे बंद होईपर्यंत ठेवा. हे अंगणात, थर्मामीटर लावून, इलेक्ट्रिक शेगडीवर, मेण पेटतं. छिद्रं आधीच पाडून घ्या, नंतर पाडली तर तिथूनच पाणी शिरतं. मेणामुळे दमटपणा शिरायचा वेग मंदावतो, पूर्ण थांबत नाही, तेव्हा दर पावसाळ्यानंतर पुन्हा बघायचं.

बघायची रीत सोपी आहे. अर्धा तास ट्रान्समिट करा, सेट बंद करा, मेन्सची पिन काढा, कपॅसिटर डिस्चार्ज करा आणि मग प्रत्येक काडीला हात लावा. जी कोमट लागेल तिच्या जागी सिरॅमिक बसवा, बाकीच्या तशाच राहू द्या.