कुकर गेला, शिट्टी आली

अपक्षाचा प्रचार करणं म्हणजे दर वेळी नव्यानं बारसं करणं. अर्ज भरला, अर्जावर सही करणारे दहा सूचक गोळा केले (मान्यताप्राप्त पक्षवाल्यांना एक पुरतो), डिपॉझिट भरलं, पण चिन्ह? ते माघारीची मुदत संपल्यावर! तोवर पत्रकावर चौकोन रिकामा ठेवायचा आणि प्रेसवाल्याच्या शिव्या खायच्या. पुढं हातात उरतात जेमतेम दोन आठवडे. पक्षांची चिन्हं लोकांच्या डोळ्यांत बसलेली, आम्ही घरोघरी चित्रकलेचा तास घेत फिरायचं.

मागल्या वेळी कुकर होता, यंदा शिट्टी. येळ्ळूरला एका मावशीला अर्धा तास समजावलं. शेवटी म्हणाली, "कळलं की बाळा, कुकरची शिट्टी न्हवं?" काय बोलणार? मशीनवर कुकरही होताच, दुसऱ्याच अपक्षाचा!

वर यादीत आमचं नाव पक्षवाल्यांच्या खाली. "पहिलं नव्हे मावशी, खालून तिसरं" हे सांगून सांगून घसा बसला.

आणि हे बेळगावात! १९९६ साली सीमाप्रश्नासाठी याच मतदारसंघात लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. त्यानंतरच डिपॉझिट पाचशेचं दहा हजार झालं आणि ते दहा सूचक आले. म्हणजे ही कटकट थोडीफार आमचीच कमाई, पण म्हणून राग कमी होतोय होय?

घरी उरलेली कुकरची दोन हजार पत्रकं आहेत. आई त्यात चिरमुरे बांधते.