जनावरांच्या पोस्टरवर जनावर कुठे आहे?

जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठातली माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी-केंद्रात गेली, तेव्हा कोल्हापुराइतकाच राग सीमाभागातही उसळला. नांदणी शिरोळ तालुक्यात असली तरी त्या मठाला मानणारी गावं कागवाड, चिकोडी, निपाणीपर्यंत पसरलेली आहेत. तक्रार 'पेटा' या प्राणिहक्क संस्थेची होती. हत्तिणीच्या पायांची कूज आणि सांधेदुखी हा त्या तक्रारीचा गाभा होता. पण हा मुद्दा लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. पोहोचला तो एक प्रश्न: आम्हाला दया शिकवणारी ही माणसं कोण? आणि या प्रश्नाला जोडून नेहमी येणारा आक्षेप असा, की जाहिरातीसाठी बायकांचे कपडे उतरवणाऱ्या संस्थेने आम्हाला संस्कृती सांगू नये.

या आक्षेपाला मागासलेपणा म्हणून झटकणं सोपं आहे. ब्रिटनमध्ये राहून या मोहिमा जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की आक्षेप बरोबर आहे, फक्त त्याचं कारण चुकीचं दिलं जातं.

कारण नग्नता हे नाही. बेळगाव जिल्ह्याला नग्न देहाचं अप्रूप नाही. आचार्य शांतिसागर महाराज निपाणीजवळच्या भोजचे. हातात मोरपिच्छी आणि कमंडलू एवढंच घेऊन चालणारे दिगंबर मुनी रस्त्याने निघाले की इथली माणसं वाहन थांबवून नमस्कार करतात. पाऊल टाकताना किडा-मुंगी चिरडू नये म्हणून जमीन बघत चालणारा तो देह अहिंसेसाठीच उघडा आहे. तो कुणाला भुलवत नाही, काही विकत नाही. पण याच भूमीने दुसरी नग्नताही पाहिली आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या चंद्रगुत्तीला रेणुकांबेच्या जत्रेत बायकांनी विवस्त्र होऊन दर्शनाला जायची प्रथा होती. १९८६ साली तिथे मोठा संघर्ष झाला आणि नंतर सरकारने ती बंद केली. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याविरुद्ध कर्नाटकाला १९८२ साली कायदा करावा लागला. एखाद्या मोठ्या, पवित्र कारणासाठी बाईचा देह वापरायचा आणि त्याला तिचीच भक्ती म्हणायचं, हे इथल्या बायकांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. म्हणून प्राण्यांच्या करुणेसाठी उघडी केलेली बाई पोस्टरवर दिसली की त्यांना त्यात नवं काही दिसत नाही.

आता मोहिमांकडे येऊ. 'फर घालण्यापेक्षा नग्न राहीन' ही 'पेटा'ची मोहीम १९९० च्या सुमारास सुरू झाली आणि २०२० मध्ये संस्थेने ती थांबवली. १९९४ च्या प्रसिद्ध जाहिरातीतल्या मॉडेल नाओमी कॅम्पबेल काही वर्षांतच फर घालून रॅम्पवर उतरल्या. २०१० मध्ये अभिनेत्री पामेला अँडरसन यांच्या बिकिनीतल्या शरीरावर खाटकाच्या तक्त्याप्रमाणे रेघा ओढून भागांची नावं लिहिली गेली. कॅनडातल्या माँट्रियल शहराने स्त्रीविरोधी म्हणून त्या जाहिरातीच्या अनावरणाच्या कार्यक्रमाला परवानगी नाकारली. भारतातही नट्यांना लेट्यूसच्या पानांचे पोशाख घालून शाकाहाराच्या जाहिराती झाल्या. ब्रिटनमध्ये तर १९८० च्या दशकातल्या फरविरोधी पोस्टरने कोट घालणाऱ्या बाईलाच जनावर ठरवलं होतं. सापळे लावणारे, कातडी सोलणारे, व्यापार करणारे पुरुष त्या चित्रात कुठेच नव्हते.

या सगळ्या चित्रांत एक गोष्ट समान आहे: ज्याच्यासाठी मोहीम आहे तो प्राणी चित्रातून गायब आहे. फरसाठी पाळला जाणारा मिंक नाही, कोल्हा नाही, पिंजऱ्याची जाळी नाही. अमेरिकी स्त्रीवादी लेखिका कॅरल अॅडम्स यांनी १९९० मध्येच मांडलं होतं की मांसाच्या ताटातून जनावर जसं नाहीसं होतं, तसंच बाईचे तुकडे करून पाहणाऱ्या नजरेतून बाई नाहीशी होते. दोन्हींमागची सवय एकच. जिवंत जिवाला वस्तू समजू नका, एवढंच प्राणिहक्काचं म्हणणं असेल, तर ते सांगण्यासाठी दुसऱ्या जिवाला वस्तू करून चालणार नाही.

यावर मिळणारं उत्तर ठरलेलं आहे. त्या बायका सज्ञान आहेत, स्वखुशीने उभ्या राहतात, आणि अशा चित्राशिवाय वर्तमानपत्र फुकट जागा देत नाही. पहिली गोष्ट खरी आहे आणि त्या स्त्रियांना दोष देण्याचा कुणाला अधिकार नाही. पण संमतीने एवढंच ठरतं की तिच्यावर बळजबरी झाली नाही. पाहणाऱ्यावर काय परिणाम होतो, हे संमतीने ठरत नाही.

आणि परिणाम मोजला गेला आहे. रेनाटा बोंजोर्नो, पॉल बेन आणि निक हॅसलम या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'पेटा'च्याच जाहिराती घेऊन दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात ऑस्ट्रेलियातले ८२ पुरुष विद्यार्थी होते, दुसऱ्यात अमेरिकेतले २८० स्त्री-पुरुष. अर्धनग्न चित्रं पाहिलेल्यांची संस्थेला मदत करायची तयारी साधी चित्रं पाहिलेल्यांपेक्षा कमी निघाली, आणि दुसऱ्या प्रयोगात मदतीच्या प्रत्यक्ष कृतीही घटल्या. कारण शोधलं तेव्हा लैंगिक उत्तेजना हे उत्तर आलं नाही. चित्रातल्या बाईला पाहणारे माणूस म्हणून कमी लेखत होते, आणि तिथूनच मोहिमेबद्दलची आस्था कमी झाली. चित्र लक्षात राहतं, नावही राहतं, करायचं काम मागे पडतं.

फर मागे हटली ती कशाने, हेही तपासायला हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये फरसाठी प्राणी पाळणं २००० च्या कायद्याने बंद झालं, अंमल २००३ पासून. नेदरलँड्समध्ये मिंकपालन कायद्याने बंद व्हायचंच होतं, कोरोनाची साथ मिंकमध्ये पसरल्यावर ते २०२१ मध्येच आटोपलं. कॅलिफोर्नियाने विक्रीबंदी केली. यामागे पिंजऱ्यांचं चित्रीकरण, पशुवैद्यांचे अहवाल आणि खासदारांना लिहिलेली कंटाळवाणी पत्रं होती. ब्रिटनच्या जाहिरात नियमांनी जून २०१९ पासून स्त्री-पुरुषांच्या घातक साचेबद्ध चित्रणावर बंदी घातली, आणि भारताच्या जाहिरात मानक परिषदेनेही २०२२ मध्ये अशी तत्त्वं जाहीर केली. आपल्याकडे १९८६ चा स्त्रियांच्या अशोभनीय चित्रणाविरुद्धचा कायदाही आहे. तरी पोस्टरवरून पोलिसांत धाव घेणं मला मान्य नाही. फिर्याद झाली की चर्चा पुन्हा बाईच्या कपड्यांवर येते आणि जनावर आणखी एकदा बाजूला पडतं.

सीमाभागात याची किंमत जास्त आहे, कारण इथे जनावराची देखभाल मुख्यतः बाई करते. गोठा तिच्याकडे, धार तिच्याकडे, वैरण तिच्याकडे. ती ज्या चित्राकडे पाहून मान वळवते, ते चित्र तिच्या दारात लावून उपयोग नाही.

मग काय लावायचं? ऊसवाहतुकीचा बैल घेऊ, कारण गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर तो रोज दिसतो. कामाच्या जनावरांचे १९६५ चे नियम स्पष्ट आहेत: दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, पाच तासांपेक्षा जास्त सलग नाही, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, आणि टोकदार पराणी वापरायची नाही. हे गाडीवानापर्यंत कुणी पोहोचवत नाही.

खांदेसूज का येते हेही चित्रात दाखवता येतं. जोडीतले बैल कमी-जास्त उंचीचे असले की जू तिरकं बसतं आणि एका मानेवर दाब येतो. ऊस गाडीच्या पुढच्या भागात जास्त रचला की सगळा भार मानेवर उतरतो; मागे जास्त झाला तर जू वर उचललं जातं आणि जुंपण गळ्याला आवळतं. वजन आसावर यायला हवं. जुवाच्या लाकडाला कड किंवा वर आलेला खिळा असेल, मान ओली असताना काम घेतलं, तर कातडं सोलवटतं. जखम भरेपर्यंत त्या बैलाला जुंपू नये. चिंधी गुंडाळून काम चालू ठेवल्यास ती चिंधीच घासते.

पोस्टरवर दोन चित्रं पुरेत: चुकीचा भार आणि बरोबर भार. रक्ताळलेली जखम मोठी करून छापू नये, माणसं तोंड फिरवतात. गाडीवानाचा चेहरा आणि गाडीचा क्रमांक दिसू देऊ नये. तो बीडहून किंवा विजयपुराकडून आलेला गरीब माणूस आहे, आणि भार किती घालायचा हे बहुतेक वेळा मुकादम ठरवतो. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत, एकाच आकारात, प्रत्येकी सात-आठ शब्द. तीस फुटांवरून वाचायचं तर अक्षर किमान तीन इंच उंच हवं, आणि मात्रा-वेलांट्यांसाठी ओळींत मोकळी जागा सोडावी, नाहीतर दुरून ओळी एकमेकींत मिसळतात. खाली फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक. फ्लेक्सऐवजी कापड वापरावं, कर्नाटकात फ्लेक्सवर बंदी आहे.

छापण्याआधी पाच सेकंद दाखवून काढून घ्यावं आणि विचारावं: काय दिसलं, काय करायला सांगितलं? बायकांना वेगळं विचारावं, कारण पुरुषांसमोर त्या हो म्हणून मोकळ्या होतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निम्म्या जणांना देता आलं नाही तर चित्र बदलावं. लावायची जागा कारखान्याचा वजनकाटा, जिथे गाड्या तासन्‌तास रांगेत उभ्या असतात, आणि वेळ हंगामाचा पहिला आठवडा. त्याच रांगेत पोस्टर लावण्याआधी पन्नास जोड्यांचे खांदे आणि पराण्या तपासून वहीत नोंदवाव्यात, महिन्याने पुन्हा पन्नास. शेजारच्या, पोस्टर न लावलेल्या कारखान्यावरही तशीच नोंद घ्यावी. तिथेही जखमा तेवढ्याच कमी झालेल्या निघाल्या, तर श्रेय पोस्टरचं नाही, आणि पुढच्या हंगामाचे पैसे पशुवैद्याच्या फेऱ्यांवर घालावेत.