ऐंशी रुपयांची वायर आणि साडेतीन हजारांचं बिल

नमस्कार भाऊ. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय: "आधी ईसीएम गेला म्हणाले, दोन दिवस गाडी अडकवली, शेवटी निघाली साधी वायर. बिल 3,500. सावद्याची केळीची भरती हातची गेली."

भरती गेली, त्याचं मलाही वाईट वाटतं. केळी कोणाची वाट बघत नाही. आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेल्याचं आमच्या गॅरेजमधल्या पोराने तुम्हाला फोनवर सांगितलं, ती आमचीच चूक. पण वायर 'साधी' होती म्हणून ती सापडणंही साधं होतं, हे मला पटत नाही.

तुमची गाडी थंड असताना ठीक चालायची. गरम झाली की चेक लाइट लागायचा आणि ओढ संपायची. स्कॅनरवर चार सेन्सरचे बिघाडाचे कोड एकदम आले. आता चार सेन्सर एकाच दिवशी मरत नसतात. ईसीएम बऱ्याच सेन्सरना 5 व्होल्टची एकच लाइन वाटून देतो. ती कुठेही बॉडीला टेकली की तिच्यावरचे सगळे आंधळे होतात, आणि इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं. पोराने एकेक सेन्सर काढून पाहिला, तरी 5 व्होल्ट परत येईनात. म्हणून तो म्हणाला, ईसीएमच गेला. एक पायरी त्याने सोडली: त्या लाइनची पिन ईसीएमच्या सॉकेटमधून सोडवून थेट मॉड्यूलवर, म्हणजे ईसीएमवरच, मोजायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तापवून मी तसं मोजलं. 5 व्होल्ट बरोबर होते. म्हणजे दोष हार्नेसमध्ये, वायरींच्या जुडग्यात.

तिथून पुढे चार तास गेले. इंजिन तापवायचं, हार्नेस हलवायचा, मीटरकडे बघायचं. टर्बोमागच्या ब्रॅकेटला घासून इन्सुलेशन गेलेलं सापडलं. त्या ब्रॅकेटवर ताजं वेल्डिंग होतं आणि वायरीची क्लिप परत बसवलीच नव्हती. (वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा आणि ईसीएमचे सॉकेट काढायला सांगत जा. या वेळी मॉड्यूल वाचला, हे नशीब.)

वायर, स्लीव्ह, टेप मिळून 80 रुपये. बाकी मजुरी आणि स्कॅनिंग. त्यात दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनिंगचे 600 लावायला नको होते. पायरी आम्ही सोडली होती. ते आज परत पाठवतो. गाडीला वेळ लागेल हे पहिल्या संध्याकाळी कळवलं असतं तर तुम्ही दुसरी गाडी बघितली असती, तेही मान्य.

"भंगारातला ईसीएम बसवून दिला असता तर त्याच दिवशी सुटलो असतो," असंही तुम्ही लिहिलंय. नसता सुटला भाऊ. त्यात दुसऱ्या इंजिनाचा डेटा आणि दुसऱ्याच इंजेक्टरचे कोड असतात. आणि वायर टेकलेलीच राहिली असती, म्हणजे तो मॉड्यूलही तेच कोड दाखवत बसला असता.

ॲडब्लू (धुरातलं प्रदूषण कमी करणारं द्रावण) बंद करून द्या, असं तुमच्या ड्रायव्हरने विचारलं होतं. बीएस-6 गाडीत ते आम्ही करत नाही. त्यासाठी स्टार कापला असेल तर खुशाल कापा.

एक राहिलं. ती वायर सध्या आम्ही प्लास्टिकच्या टायने बांधून दिली आहे. मूळ क्लिप आली आहे. पारोळ्यावरून जाताना दहा मिनिटं थांबा, बसवून देतो. तिचे पैसे नकोत. टाय गरमीत ढिला पडतो.