वायडीवाले आपले नव्हते का?

आमच्या इंजिनियरिंगच्या २००५ च्या बॅचचं रीयुनियन होऊन आठवडा होत आला, ग्रुपवर अजून फोटो पडतायत, आणि आज दुपारी बॅचच्या डिरेक्टरीची पीडीएफ आली. उघडली, मेकॅनिकलच्या यादीत माझं नाव सापडलं आणि त्याच्याखाली जो मित्र असायला हवा तो नाहीच. ग्रुपवर विचारलं तर कमिटीतल्या एकाचा लगेच रिप्लाय, "अरे तो टेक्निकली २००५ चा नाही ना, वायडी (इयर डाउन, म्हणजे विषय राहून वर्ष गेलेला) झाला होता." त्यावर भराभर अंगठे पण आले. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितोय.

हॉस्टेलला गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून परभणी. बारावीच्या पीसीएमवर, आऊटसाइड युनिव्हर्सिटीच्या कोट्यातून पुण्यात आलेला, सगळं शिक्षण मराठीतून. रोल नंबर माझ्या पाठोपाठ, म्हणजे प्रॅक्टिकलची बॅच एक, जर्नल एकत्र, ओरलला बाहेरच्या बाकावर दोघं शेजारी. सेकंड इयरच्या दुसऱ्या सेमला मला कावीळ झाली, घरी पडून होतो आणि सबमिशन डोक्यावर. या माणसाने माझी जर्नल्स लिहिली, मशीन ड्रॉइंगच्या शीट्स काचेवर टाकून खालून ट्यूब लावून रात्र रात्र जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारल्या, आणि सरांच्या केबिनबाहेर उभं राहून माझ्या टर्मवर्कवर सह्या घेतल्या. स्वतःचा फर्स्ट इयरचा एम-टू, म्हणजे मॅथ्सचा दुसरा पेपर, राहिलेला असताना. ते त्याच्या पीएलचे, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीचे दिवस होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फर्स्ट इयरचे सगळे विषय सुटल्याशिवाय थर्ड इयरला जाता यायचं नाही. सेकंड इयर त्याचं सगळं निघालं, एम-टू नाही निघाला. एका पेपरसाठी वर्ष गेलं. आम्ही थर्ड इयरला गेलो आणि तो राहिला, पण रूम तीच, मेस तीच, परीक्षेच्या आदल्या रात्री थर्मोचा सायकल समजून घ्यायला आम्ही थर्ड इयरवाले त्याच्याकडेच जायचो!! आणि आता वीस वर्षांनी तो आपला नाही?

२००६ वाल्यांनाही तो त्यांचा वाटत नाही, त्यांच्या ग्रुपवर पण तो नाही, मी विचारून घेतलंय. म्हणजे पाच वर्षं कॉलेजात काढलेला माणूस कुठल्याच बॅचचा नाही. आणि तो एकटा थोडाच आहे. वडील गेल्यावर फी जमेना म्हणून कॉलेज सोडलेला एक जण होता, थर्ड इयरला लग्न लावून दिलं ती एक मुलगी होती, तिच्या नोट्स आख्ख्या डिव्हिजनने झेरॉक्स केल्यात. कुणाचंच नाव नाही, कारण यादी डिग्रीच्या सालावरून काढली.

शनिवारी दुपारी जुन्या वर्गात बसवून सरांकडून हजेरी घेतली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, मला मात्र तिथेच खटकलं होतं. माझा नंबर झाला, मी 'प्रेझेंट सर' म्हटलं आणि सर सरळ त्याच्या पुढच्या नंबरवर गेले. सरांचा काही दोष नाही, हातात दिला तो कागद त्यांनी वाचला. पण ती कसली हजेरी? त्या वर्गात त्याने माझी प्रॉक्सी मारलेली आहे.

कमिटीने मेहनत घेतली हे मान्य. हॉल, जेवण, टी-शर्ट, परदेशातून येणाऱ्यांच्या तारखा जुळवणं, सोपं नाहीये. कॉलेजलाही नॅकच्या (कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था) मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग दाखवावा लागतो, त्यांना रेकॉर्डवरचीच यादी सोयीची. ठीक आहे. पण आपला ग्रुप काय नॅकसाठी आहे का?

आमच्या गावाकडे दहावीचं गेट-टुगेदर झालं तेव्हा इंग्रजीत दोनदा नापास झालेला, आज ट्रॅक्टर भाड्याने देणारा मित्र मंडपाच्या तयारीला सगळ्यात पुढे होता. कोणी त्याला मार्कशीट विचारली नाही, कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आणि आपण शिकले-सवरलेले इंजिनियर लोक, आपल्याला साल बघावं लागतं.

मघाशी त्याला फोन केला. वाळूजला मेंटेनन्स बघतो, सेकंड शिफ्टला होता, मागे मशीनचा आवाज. डिरेक्टरीचं काही बोललो नाही, बोलवेना. त्यानेच विचारलं, "फोटो बघितले रे, वर्कशॉपला नवीन पत्रे टाकले का?" एवढं बारीक बघितलंय त्याने. बोलावलं असतं तर आला असता का माहीत नाही, शिफ्ट आहे, मुलीची बारावी आहे. नसता आला तर नसता आला, पण ते त्याने ठरवायचं होतं ना.

तर कमिटीला जाहीर सांगतोय, ती पीडीएफ फायनल करू नका. यादी डिग्रीवरून नाही, २००१ च्या फर्स्ट इयरच्या रोल कॉलवरून करा, आणि सेकंड इयरला आलेले डिप्लोमावाले त्यात धरा. टायपिंगचं काम मी करतो. ज्यांच्याकडे वायडी झालेल्यांचे, मधेच सोडून गेलेल्यांचे नंबर असतील त्यांनी इथे कमेंटमध्ये टाकू नका, मला इनबॉक्स करा. एकेकाला मी स्वतः फोन करणार आहे, परभणीला उद्या त्याची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी.