रिबेसनं नाव पुसलं जात नाही

कोडिंग शिकणाऱ्या लातूर-नांदेडकडच्या लेकरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "कमिटवरचं नाव नुसती शोभा आहे. रिबेस केलं की ते जातंच, शिवाय कुणीही खोटं टाकू शकतो. मग ते टिकतं का याच्या टेस्ट कशाला?"

गिट हे कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं साधन. कमिट म्हणजे त्यातली एका बदलाची नोंद, आणि रिबेस म्हणजे कमिट उचलून नव्या पायावर पुन्हा मांडणं. आधी रिबेसचं बघू. गिट प्रत्येक कमिटमध्ये दोन नावं ठेवतं. बदल लिहिला तो ऑथर, तो तिथं नोंदवला तो कमिटर. दोघांच्या तारखाही वेगळ्या. रिबेस, चेरी-पिक (एखादा कमिट दुसरीकडे उचलून नेणं) किंवा अमेंड (शेवटचा कमिट दुरुस्त करणं) केलं तर कमिटर बदलतो, ऑथर आपोआप बदलत नाही. फेरफार तलाठ्यानं नोंदवला म्हणून जमीन त्याच्या नावावर होत नाही, तसंच हे.

नाव जातं ते वेगळ्या ठिकाणी. मर्ज करताना, म्हणजे काम मुख्य कोडमध्ये मिसळताना, स्क्वॉश वापरून (अनेक कमिट एकात गुंडाळून) हातानं नवा कमिट केला, की करणाराच ऑथर होतो. माझ्या एका विद्यार्थिनीचं तीन आठवड्यांचं काम असंच वरिष्ठाच्या नावावर गेलं. मुलाखतीत दाखवायला तिनं लॉग, म्हणजे कमिटची यादी, उघडला, तर तिचं नाव एकदाही नाही. त्या वरिष्ठाच्या मनात काही वाईट नव्हतं, पण पोरीच्या हातात पुरावा उरला नाही. नावाला शोभा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का हे आपोआप तपासणारा कोड, कशाला? गिटच्याच टेस्ट पाहा. तिथं ऑथर 'ए यू थॉर' आणि कमिटर 'सी ओ मिटर'. दोन्हीकडे एकच नाव असतं, तर अदलाबदल झाली तरी टेस्ट पास झाली असती. रिबेसच्या एका टेस्टमध्ये तर 'ट्वर्प स्नॉग' या तिसऱ्याच ऑथरचा कमिट हलवून ते नाव शाबूत आहे का, हे तपासतात. तुम्ही कमिट हलवणारी स्क्रिप्ट लिहीत असाल तर हेच करा. त्यात एखादं देवनागरी नावही घ्या, म्हणजे अक्षरं बिघडतात का तेही कळेल.

खोटं नाव टाकता येतं, हे खरं. ते ओळखायला कमिटवर डिजिटल सही करतात. टेस्ट वेगळंच विचारते: दिलेलं नाव आपल्या कोडनं बदललं का?

आणि स्क्वॉश करायचंच असेल तर कमिट करताना ऑथरचा पर्याय देऊन मूळ लिहिणाऱ्याचं नाव घाला. लिहिणारे दोघं असतील तर संदेशाच्या शेवटी 'को-ऑथर्ड-बाय'ची ओळ जोडा.