सेल डीडच्या आधी छातीचे एक्स-रे बघा

बेळगावात फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारा कारखाना, म्हटलं की उद्यमबाग, मच्छे, होनगा ही नावं तोंडात येतात. केआयएडीबीची (कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाची) जागा कारखानदाराला साधारणपणे लीज-कम-सेलवर, म्हणजे आधी भाड्यानं आणि मग विकत, मिळते. ठरल्या मुदतीत कारखाना उभा करा, अटी पाळा, मग सेल डीड, म्हणजे खरेदीखत. तोवर जमीन मंडळाची असते आणि अट मोडली तर ती परत घेता येते. सेल डीड झालं की ही दोरी हातातून सुटली. इमारत झाली का, उत्पादन सुरू आहे का, थकबाकी किती, एवढं बघून फाइल पुढे सरकते. आत फेटलिंगवर (ओतीव तुकडा घासून साफ करायच्या कामावर) उभ्या असलेल्या माणसाच्या छातीचं काय, याला त्या फाइलीत रकाना नाही. तो असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

साच्याची वाळू म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. ओली असते तोवर गपगुमान बसते. वितळलेलं लोखंड ओतलं की सुकते, आणि नॉकआउटला साचा फोडताना, फेटलिंगला ग्राइंडर लावताना तिचं पीठ होऊन उडतं. दिसणारी धूळ बरीचशी नाकाघशात अडकते. न दिसणारी थेट फुफ्फुसात उतरते. रुमाल तिला अडवत नाही, नीट बसवलेला एन-95 अडवतो. सुट्टी झाल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झाडायची सवय तर आधी मोडायला हवी.

हवेत किती धूळ चालते, याचं सूत्र 1948 च्या कारखाने कायद्यात होतं: 10 भागिले (क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाची, टक्केवारी अधिक 2). श्वासात जाणाऱ्या धुळीत 30 टक्के क्वार्ट्झ असेल तर 10 भागिले 32, म्हणजे घनमीटरला 0.31 मिलिग्रॅम. ही मोजणी कधी झाली, कुणी केली, रिपोर्ट कुठे आहे? विचारून बघा.

आता नोंदीचं. सिलिकोसिस, म्हणजे या सिलिकाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, सापडला तर डॉक्टरनं कारखाना निरीक्षकांच्या खात्याला कळवायचं असतं. टीबीही 2012 पासून कळवावाच लागतो, आणि त्याची यंत्रणा गावागावांत पोचली आहे. त्यामुळे खोकला, धाप, वजन उतरलेलं, एक्स-रेत वरच्या भागात ठिपके, असं दिसलं की गाडी टीबीच्या रुळावर जाते. थुंकी निगेटिव्ह, तरी सहा महिन्यांच्या गोळ्या. सिलिकोसिसवाल्याला टीबी लवकर होतो हेही खरं, म्हणून टीबीची तपासणी टाळू नये. पण केसपेपरवर व्यवसायापुढे नुसतं ‘कूली’ लिहिलेलं असतं, तिथंच सगळं हुकतं. सोबत गेलेल्यानं ‘फाउंड्री, फेटलिंग, 14 वर्षं’ असं लिहून घ्यावं. पुढे ईएसआयकडे (कामगार विमा योजनेकडे) किंवा नुकसानभरपाईसाठी जाताना हाच कागद कामाला येतो. दोन्हीकडच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत सिलिकोसिस आहे.

जुन्या कायद्यात फाउंड्री धोकादायक प्रक्रियांच्या यादीत होती आणि 12 महिन्यांतून एकदा वैद्यकीय तपासणी सक्तीची होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी कामगार सुरक्षेची नवी संहिता आली. विजेवर चालणारं युनिट ‘कारखाना’ धरायची मर्यादा 10 कामगारांवरून 20 वर गेली. आपल्याकडची छोटी युनिटं नेमकी याच फटीत सापडतात. धोकादायक कामाला सरकार अधिसूचना काढून ही मर्यादा बाजूला ठेवू शकतं. फाउंड्रीसाठी तशी मागणी आमदारांनी रेटायला हवी; सीमाप्रश्नावरच्या भाषणांतून थोडी सवड काढून.

माहिती अधिकारात अर्ज करायचा तर दोन वेगळे करा. कर्नाटकच्या नियमात एका अर्जाला एकच विषय, साधारण 150 शब्दांच्या आत. फी 10 रुपये. भाषा इंग्रजी, हिंदी किंवा कन्नड; मराठी अर्जावर अडवणूक होऊ शकते, म्हणून सरळ हिंदीत लिहा. (तक्रारीचं निवेदन मात्र घटनेच्या कलम 350 प्रमाणे मराठीत देता येतं.) पहिला अर्ज केआयएडीबीला: अमुक वसाहतीतल्या फाउंड्री प्लॉटच्या लीज-कम-सेल कराराच्या अटी आणि सेल डीडपूर्वीचा तपासणी अहवाल यांच्या प्रती. दुसरा कारखाने व बॉयलर खात्याला: गेल्या पाच वर्षांत डॉक्टरांकडून आलेल्या सिलिकोसिसच्या सूचनांची संख्या आणि धूळमोजणीच्या रिपोर्टच्या प्रती. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, प्रत मागा. रुग्णांची नावंही मागू नका, तेवढ्यावरून नकार येतो. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. आणि ‘सूचना: शून्य’ असं उत्तर आलं तर तो कागद फेकू नका, पुढच्या सेल डीडच्या वेळी मंडळाला द्यायच्या निवेदनाला तोच जोडायचा आहे.