रेड क्लोव्हरचा काढा आणि ‘अपाय नाही’ हे आश्वासन

रेड क्लोव्हरच्या वाळवलेल्या फुलांचा काढा रक्त शुद्ध करतो, गाठी विरघळवतो, रजोनिवृत्तीतील गरम वाफा थांबवतो आणि वनस्पतिजन्य असल्याने त्याचा काहीही अपाय नाही, असा मजकूर सर्रास पुढे पाठवला जातो. यातला वाफांचा दावा तेवढा विचारात घेण्याजोगा आहे, आणि नेमका तोच शेवटच्या आश्वासनाला छेद देतो.

आपल्या बरसीमच्या कुळातल्या या युरोपीय चाऱ्यात फॉर्मोनोनेटिन, बायोकॅनिन-ए यांसारखी आयसोफ्लेव्होन असतात आणि ती शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे, पण क्षीण काम करतात. तरीही २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, २५२ स्त्रियांवरील १२ आठवड्यांच्या अमेरिकी चाचणीत रेड क्लोव्हरच्या गोळ्या घेणाऱ्या आणि नकली गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या वाफांच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नाही. इतर काही अभ्यासांत थोडा गुण दिसला, हे मान्य. पण तो मोजून भरलेल्या अर्काचा. ही द्रव्ये फुलांपेक्षा पानांत अधिक असतात, आणि काढा मात्र फुलांचाच सांगितला जातो.

आता ‘अपाय नाही’. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हरच्याच एका भाऊबंद जातीवर चरणाऱ्या मेंढ्या वांझ होऊ लागल्या, कारण त्यांच्या पोटात फॉर्मोनोनेटिनचे इक्वोल हे इस्ट्रोजेनसारखेच वागणारे द्रव्य बनत होते. माणूस काही दिवसभर क्लोव्हर चरत नाही, त्यामुळे ही भीती जशीच्या तशी आपल्याला लावता येणार नाही. परंतु जे द्रव्य संप्रेरकासारखे वागते म्हणून गुणकारी ठरवायचे, तेच निरुपद्रवीही म्हणायचे, हे एकत्र बसत नाही. गर्भवती, स्तनपान देणाऱ्या आणि संप्रेरकांवर वाढणारा स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना हा काढा टाळायला सांगतात तो याचसाठी.

गाठींची कथा बरीचशी अमेरिकेत कर्करोगावर काढा विकणाऱ्या हॅरी हॉक्सी यांच्यापासून आली आहे. त्या काढ्यात रेड क्लोव्हरसह अनेक मुळ्या, साली आणि पोटॅशियम आयोडाइड असे; कर्करोगावर त्याचा गुण सिद्ध न झाल्याने १९६० मध्ये अमेरिकेत त्याच्या विक्रीवर बंदी आली. रक्तशुद्धीबद्दल एवढेच, की ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

एक गोष्ट मात्र दावा खोडणारेही चुकीची सांगतात, ती म्हणजे क्लोव्हरमधल्या कूमारिन नावाच्या द्रव्याने रक्त पातळ होते. कूमारिन स्वतः तसे करत नाही. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरे रक्तस्रावाने मरत होती ती स्वीट क्लोव्हर या वेगळ्या झाडाचे बुरशी आलेले गवत खाऊन. बुरशीमुळे कूमारिनचे रक्त गोठू न देणारे डायकूमरॉल होते, आणि त्याच धाग्यावरून पुढे वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध निघाले. बुरशीचा हा धोका लक्षात घेऊन वॉरफरिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा काढा घेऊ नये. रेड क्लोव्हरवर आणखी एक वेगळी बुरशीही पडते, जिच्या विषाने घोड्यांच्या तोंडातून लाळ गळत राहते. म्हणून सावलीत विरळ पसरून वाळवलेली फुले आतून ओलसर राहिली, काळपट पडली किंवा कुबट वास मारू लागली, तर ती उकळायला न घेता सरळ टाकून द्यावीत.